घडणावळीवरचा कर

१९८६ सालच्या मार्च महिन्यात भंडाऱ्याची मुख्य बाजारपेठ एक दिवस दुपारपर्यंत बंद राहिली. बंद एका नव्या कराच्या निषेधार्थ होता. बंदमध्ये सामील झालेल्या एकाही दुकानदाराला तो कर लागू नव्हता.

बंदची बातमी मी पाठवली. ज्या बातमीमुळे बंद झाला, तीही मीच पाठवली होती.

मी नागपूरच्या एका दैनिकाचा भंडारा जिल्ह्याचा वार्ताहर होतो. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होतं, त्यामुळे जिल्हा लांबलचक आणि वार्ताहर एक, अशी स्थिती होती. बातमी हाताने, कागदाच्या एकाच बाजूला लिहायची. कागद पाकिटात घालून संध्याकाळच्या नागपूर एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे. नागपूरच्या स्टँडवर कचेरीचा माणूस पाकीट उतरवून घ्यायचा. फारच तातडीचं असलं तर ट्रंक कॉल लावायचा, आणि तो लागेपर्यंत बातमी शिळी व्हायची.

बाहेरच्या माणसाला या धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. पानावर जागा कमी पडली की बातमी शेवटाकडून कापतात. आधी शेवटचा परिच्छेद जातो, मग त्याच्या आधीचा. वाचून, निवडून कापायला रात्रपाळीला वेळ नसतो. म्हणून महत्त्वाचं ते वर लिहायचं. नव्या वार्ताहराला हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं जातं.

कर ही गोष्ट भंडाऱ्याला माहीत होती ती जकातीच्या रूपाने. शहराच्या वेशीवर नाका, आडवा बांबू, टेबल, मुनशी, पावतीपुस्तक. कर घेणारा डोळ्यांना दिसायचा, त्याच्याशी भांडता यायचं. मी नवा होतो तेव्हा, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, एका लग्नाची वरात या नाक्यावर अडवल्याची बातमी मी दिली होती. बैलगाडीत आंदणाची भांडी होती. मुनशी म्हणाला, भांडी म्हणजे माल, जकात पडेल. मुलीचा बाप गाडीवर चढला आणि त्याने एकेक भांडं उचलून मुनशीच्या पुढे धरलं.

"वाच. नाव आहे का नाई? नाव घातलेलं भांडं कोनी इकते का? हा माल नोहे, हे माह्या पोरीचं आंदण होय."

मुनशीने दोन-तीन नावं वाचली आणि बांबू वर केला. त्यानंतर नाव घातलेल्या भांड्यावर जकात मागितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तसा लेखी नियम होता की नाही, याची मी तेव्हा चौकशी केली नाही. गावातले लोक मात्र तो नियमच धरून चालायचे.

१९८६ च्या अर्थसंकल्पात आलेल्या कराला ना नाका होता ना मुनशी. त्याचं नाव मॉडव्हॅट, म्हणजे सुधारित मूल्यवर्धित कर. अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी नागपूरच्या कचेरीतून फोन आला. उपसंपादक म्हणाले, दिल्लीहून आलेला मजकूर आम्हालाच कळत नाहीये, वाचकाला काय कळणार. तुमच्या भागातलं एखादं उदाहरण घालून सोपं करून पाठवा.

मजकूर मी तीनदा वाचला. जे समजलं ते असं. तोवर कारखान्यातून माल बाहेर पडला की त्याच्या पूर्ण किमतीवर उत्पादन शुल्क लागायचं. तार करणाऱ्याने तारेवर शुल्क भरलं. मोटार करणाऱ्याने त्या तारेसकट मोटारीवर भरलं. पंप करणाऱ्याने त्या मोटारीसकट पंपावर भरलं. म्हणजे तारेवर तीनदा कर बसला. नव्या पद्धतीत प्रत्येकाने आपल्या मालावर कर काढायचा, त्यातून कच्च्या मालावर आधीच भरला गेलेला कर वजा करायचा आणि उरलेला भरायचा. हे काही ठरावीक मालापुरतं आणि फक्त कारखान्यांसाठी होतं. दुकानांचा त्याच्याशी संबंध नव्हता.

उदाहरण शोधायला मी दयारामकडे गेलो.

भंडारा हे पितळेचं गाव. दयाराम कसाराच्या घरात पिढ्यान् पिढ्या भांडी घडत. स्टीलची भांडी आली तसा त्याने धंद्याचा अर्धा भाग बदलला. बाजाराच्या दिवशी खेड्यांतली माणसं फुटकी, पोचे पडलेली पितळी भांडी घेऊन त्याच्याकडे येत आणि नवी घेऊन जात. जुन्या पितळेचं वजन नव्या भांड्याच्या वजनातून वजा व्हायचं आणि गिऱ्हाईक फक्त घडणावळ द्यायचं. घडणावळ म्हणजे घडवण्याची मजुरी. ही रीत साऱ्या पितळबाजारात होती. दयाराम पुढे त्या जुन्या भांड्यांचं पितळ घरामागच्या भट्टीत वितळवून त्याचे पंपाला लागणारे बुश ओतायचा. बुश म्हणजे फिरत्या दांड्याभोवती बसणारं पितळी कडं. हे बुश नागपूरजवळचा पंपांचा एक मोठा कारखाना घ्यायचा. दयारामचं पोट त्यावर होतं, आणि भट्टीवरच्या दोन माणसांचंही.

मी गेलो तेव्हा शहापूरची शेवंताबाई त्याच्यासमोर बसली होती. तिने गुंड आणला होता. पाणी भरायच्या मोठ्या पितळी घागरीला आमच्याकडे गुंड म्हणतात. बुडाला चीर गेली होती. नातीचं लग्न वैशाखात होतं आणि तिला आंदणात नवा गुंड द्यायचा होता.

दयारामने गुंड उजेडात फिरवला आणि गळ्यावरची अक्षरं मोठ्याने वाचली. "चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी शेवंता हिस वडिलांकडून."

"हेच वरतं घाल," शेवंताबाई म्हणाली, "अन् खाली नातीचं. माहं नाव भट्टीत नको जाऊ देजो, बाबू."

"आजवर कोनाचं गेलं, माय?" दयाराम म्हणाला. त्याची रीत ठरलेली होती. आधी जुन्यावरचं नाव जसंच्या तसं नव्यावर उतरवायचं, मगच जुनं भट्टीत टाकायचं.

मी त्याला कर समजावून सांगितला. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "मंग यात नवं काय आहे भाऊ? जुनं पितळ वजा, घडणावळ द्या. आमी तं हेच करून राहिलो."

उदाहरण सापडलं. मी लिहिलं की पितळबाजारात जसं जुनं पितळ वजा करून फक्त घडणावळ घेतली जाते, तसाच हा कर मालात जेवढी नवी भर पडली तेवढ्यावर घेतला जाईल. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं की कर फक्त कारखान्यांसाठी आहे, दुकानदार आणि भांडी बदलून देणारे यांना तो लागू नाही. पाकीट संध्याकाळच्या गाडीने गेलं.

दुसऱ्या दिवशीच्या अंकात बातमी होती. मथळा होता, 'आता घडणावळीवर कर?' शेवटचा परिच्छेद नव्हता. त्या जागी एका साबणाची जाहिरात होती.

त्याच संध्याकाळी पितळबाजारात बैठक झाली आणि पुढच्या दिवशी सकाळी दुकानं उघडली नाहीत. भांड्यांच्या दुकानांबरोबर कापडाची आणि किराण्याचीही बंद राहिली. जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीची बस नेहमीसारखी आली. बाजारहाटाला उतरलेल्या बायका पिशव्या घेऊन बंद फळ्यांपुढे उभ्या राहिल्या. मी पानवाल्याला विचारलं की तुम्ही कशासाठी बंद ठेवलं.

"सारेच बंद आहेत म्हून."

"कशाच्या विरोधात?"

"ते गोविंदशेठले माईत."

गोविंदशेठ हे भांड्यांचे मोठे व्यापारी आणि बंदचे पुढारी. ते आपल्याच दुकानाच्या पायरीवर, बंद फळ्यांना पाठ लावून बसले होते. मला पाहून त्यांनी अंक पुढे केला.

"या पत्रकारसाहेब. घडणावळीवर कर बसला म्हनते तुमचा पेपर. घडणावळ कोन घेते? आमीच घेतो ना?"

"हा कर कारखान्यांवर आहे. दुकानांवर नाही."

"मंग तसं लिवाचं होतं."

"लिहिलं होतं."

"कुठी आहे, दाखवा."

दाखवण्यासारखं काही माझ्याजवळ नव्हतं. पायरीवरच्या माणसांपैकी एक म्हणाला, साहेबाच्या खिशात असन. सगळे हसले.

अकराच्या सुमारास दयाराम तिथे आला. त्याच्या हातात पाकीट होतं. तो गोविंदशेठसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "शेठ, मले हा कर भराचा आहे. कुठी भराचा, सांगान का?"

गोविंदशेठ म्हणाले, "दयाराम, भट्टीचा धूर डोक्यात गेला का रे बापा? आमी इकडं बंद करून राहिलो अन् तू भराले निंगाला?"

"माहा धंदा बसते जी, नाई भरला तं."

"कर भरून कोनाचा धंदा बसला ते आयकलं होतं. नाई भरून बसते हे पयल्यांदा आयकून राहिलो."

पुन्हा हशा झाला. दयाराम हसला नाही. तो वळून निघाला, मी त्याच्याबरोबर गेलो. पाकिटात पंपाच्या कारखान्याचं इंग्रजी पत्र होतं. कारखाना यापुढे शुल्क भरल्याचा गेटपास सोबत असलेलेच सुटे भाग घेईल, असं त्यात म्हटलं होतं. गेटपास म्हणजे माल कर भरून कारखान्याबाहेर पडल्याचा कागद. तो दिला नाही तर मे महिन्यानंतर ऑर्डर नाही.

दयारामचा कारखाना लहान असल्यामुळे त्याला शुल्क माफ होतं. तोवर हीच त्याची जमेची बाजू होती. त्याच्या बुशवर कर नव्हता, म्हणून ते इतरांपेक्षा स्वस्त पडत. नव्या पद्धतीत इतरांच्या मालावरचा कर पंपवाल्याला वजा मिळू लागला. दयारामच्या मालावर करच नव्हता, त्यामुळे वजा करायला काही नव्हतं. माफी असलेला माणूस गिऱ्हाइकाला नकोसा झाला. इथपर्यंत मला कळलं. पुढे मला असंही सांगण्यात आलं की लहान कारखान्याने माफी सोडून सवलतीच्या दराने थोडा कर भरला, तर घेणाऱ्याला भरलेल्या करापेक्षा जास्त वजावट मिळू शकते. भरलेल्यापेक्षा जास्त कशी मिळेल, हे मी दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांना विचारलं. दोघांनी होकार दिला. कारण दोघांनीही सांगितलं नाही.

कर दुकानांना लागू नाही, हा खुलासा दुसऱ्या दिवशी चौकटीत छापून आला. गोविंदशेठ म्हणाले, दुकानं बंद ठेवली म्हणून सरकारनं माघार घेतली. पितळबाजारात हेच मान्य झालं.

दयाराम त्या आठवड्यात उत्पादन शुल्काच्या कचेरीत गेला. भंडाऱ्यात ती एक लहान कचेरी होती आणि तंबाखू-बिडीच्या कामामुळे लोक तिला बिडीचं ऑफिस म्हणत. बातमी होण्याचा संभव होता, म्हणून मीही गेलो. निरीक्षक पुण्याकडचे होते, चाळिशीचे. टेबलावर परिपत्रकांचा गठ्ठा होता.

"तुम्हाला शुल्क माफ आहे," ते दयारामला म्हणाले.

"माफी नको जी. कर घ्या."

"असं नाही घेता येत."

"काहून? पैसे द्याले आलो, घ्याले नाई आलो."

निरीक्षकांनी चष्मा काढला. "हे पाहा, माफी सोडता येते असं मला वाटतं. तसं परिपत्रक आलं आहे. त्याचा अर्थ सांगणारं परिपत्रक यायचं आहे." मग त्यांनी विचारलं, "कच्चा माल कुठून घेता? त्यावरचं शुल्क वजा हवं असेल तर पुरावा लागेल."

"पुरावा आहे ना," दयाराम म्हणाला. "उद्या आनतो."

दुसऱ्या दिवशी त्याने सायकलला बांधून एक पोतं आणलं आणि कचेरीच्या फरशीवर ओतलं. दोन गडवे, एक परात, एक कळशी आणि शेवंताबाईचा गुंड. शिपाई आवाज ऐकून आत आला.

"हे काय?" निरीक्षक म्हणाले.

"पुरावा. कच्चा माल." दयारामने परात उचलली. "वाचा साहेब. नाव आहे, गाव आहे. हे लोकं दुकानातून घेऊन आले, तवाच यावर कर भरला असन. आता तो वजा करा. चोरीचं नाई, नाव आहे."

जकात नाक्याच्या मुनशीला जे दाखवून वरात पुढे गेली होती, तेच तो इथे दाखवत होता. नाक्यावर नाव हा माल नसल्याचा पुरावा ठरला होता. इथे तो कर भरल्याचा पुरावा म्हणून पुढे आला. दोन्ही ठिकाणी भांडं दाखवणाऱ्याच्या मनातली गोष्ट एकच होती. नाव आहे, म्हणजे भांडं कुठून आलं ते माहीत आहे.

निरीक्षकांनी परात हातात घेतली, उलटी केली, वाचली. त्यांनी ती हसण्यावारी नेली नाही, हे नोंदवलं पाहिजे. "यावर शुल्क लागलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही," ते म्हणाले. "लागलं असेल तर त्याचा गेटपास हवा. भांडं किती जुनं आहे?"

"हा गुंड शहापूरच्या शेवंताबाईच्या लग्नातला. तिले आता नात आहे लग्नाची."

निरीक्षकांनी ठरवलं की वापरलेली घरगुती भांडी कच्चा माल धरायची का आणि वजावट द्यायची का, हे नागपूरला लेखी विचारायचं. पाचही भांडी नमुना म्हणून कचेरीत ठेवून घेतली आणि पोच दिली. निर्णय येईपर्यंत जुनी भांडी वितळवू नका, असं ते म्हणाल्याचं दयारामने मला सांगितलं. आपण फक्त ही पाच वितळवू नका म्हटलं होतं, असं निरीक्षकांनी पुढे मला सांगितलं. मी त्या वेळी बाहेर शिपायाशी बोलत होतो. खरं काय ते निश्चित करता आलं नाही.

दयारामने भट्टी बंद ठेवली. दुसरं पितळ त्याच्याजवळ नव्हतं. मार्च गेला, एप्रिल लागला. भट्टीवरचा एक माणूस विटांच्या कामावर निघून गेला, दुसरा रोज येऊन बसायचा. बाजाराच्या दिवशी खेड्यांतून येणारी भांडी दयाराम घ्यायचा आणि कोपऱ्यात रचून ठेवायचा. ढीग त्याच्या कमरेपर्यंत आला. पितळबाजारातून येणारे-जाणारे विचारत, "का दयाराम, भरला का कर?" तो म्हणायचा, "घेऊन नाई राहिले ना बाप्पा." हे उत्तर गावात गाजलं. पोरंसोरंही म्हणू लागली.

एप्रिलच्या शेवटी शेवंताबाई कचेरीत आली. मी नागपूरच्या उत्तराची चौकशी करायला गेलो होतो. नवा गुंड तयार होता, पण त्यावर नाव नव्हतं, कारण ज्यावरून नाव उतरवायचं तो जुना गुंड सरकारच्या कपाटाखाली होता. ती दारातच खाली बसली.

"साहेब, माहा गुंड काहून धरून ठेवला जी? त्यानं काय केलं?"

"आजी, त्यानं काही केलं नाही. तो नमुना आहे."

"नमुना कायचा? फुटका आहे तो."

निरीक्षक खुर्ची सोडून तिच्याजवळ आले. "हा गुंड घेतला तेव्हा त्यावर कर भरला होता का, तुम्हाला काही आठवतं?"

"माह्या लग्नात घेतला माह्या बापानं. मी डोक्यावर पदर घेऊन बसली होती. कर भरला का नाई ते त्यालेच विचारा लागन."

"कुठे असतात ते?"

"वैनगंगेच्या काठी जाळलं त्याले. लई वर्षं झाली."

शिपायाने तोंड फिरवलं. निरीक्षकांनी कपाटाखालच्या गुंडाकडे पाहिलं. मग म्हणाले, "आजी, नमुना मला बाहेर देता येत नाही. तुमच्या माणसाला इथे येऊन नाव उतरवून घेता येईल का?"

त्याच दुपारी दयाराम नवा गुंड, छिन्नी आणि हातोडी घेऊन आला. कचेरीच्या व्हरांड्यात त्याने गोणपाट अंथरलं. जुना गुंड डाव्या बाजूला ठेवला, नवा मांडीत धरला आणि नाव घालायला बसला. शेवंताबाई भिंतीला टेकून पाहत होती. ठोके आत ऐकू येत होते, आणि बिडीच्या कामासाठी आलेले दोन-चार कारखानदार बाहेर येऊन उभे राहिले. पहिली ओळ पुरी झाल्यावर दयारामने ती मोठ्याने वाचली. मग खाली नातीचं नाव घातलं.

"हिला किती पडले?" निरीक्षकांनी विचारलं.

"घडणावळ फक्त. पितळाचं वजा."

"वजा," निरीक्षक म्हणाले. "तुमचं बरं आहे. तुम्हाला नागपूरला विचारावं लागत नाही."

"तुमी बी नका विचारू."

"मी विचारून बसलोय."

शेवंताबाईने नवा गुंड पदराने पुसला आणि शहापूरच्या बसला गेली. जुना गुंड पुन्हा कपाटाखाली गेला.

नागपूरचं उत्तर मेच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. निरीक्षकांनी ते दयारामला माझ्यासमोर समजावून सांगितलं. माफी सोडून कर भरता येईल. जुनी भांडी वितळवायलाही हरकत नाही, ती कधीच नव्हती. पण त्यांच्यावर वजावट मिळणार नाही, कारण कागद नाही. वजावट हवी असेल तर व्यापाऱ्याकडून गेटपाससह पितळेच्या विटा घ्याव्या लागतील. शिवाय दोन्ही प्रकारचं पितळ एकाच भट्टीत पडलं, तर वजावटीचा माल कोणता हे दाखवता आलं पाहिजे.

"पितळ वितळलं का एकच होते साहेब," दयाराम म्हणाला. "कोनतं कोनतं ते कसं दाखवू?"

"म्हणूनच म्हणतो, एकच काहीतरी ठेवा."

दयारामने विचारलं, "अन् नाव घातलेले?"

"त्याचा इथे संबंध नाही," निरीक्षक म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

पाचही भांडी त्याला परत मिळाली. मेच्या अखेरीस भट्टी पेटली. कोपऱ्यातला ढीग आधी संपवण्यात आला, त्यात शेवंताबाईचा जुना गुंडही गेला. त्यानंतर नागपूरहून पितळेच्या विटा आल्या. जूनमध्ये दयारामच्या कारखान्यातून पहिल्या गेटपासवर माल बाहेर पडला. पंपाच्या कारखान्याने तो उतरवून घेतला आणि ऑर्डर चालू ठेवली. विटांच्या कामावर गेलेला माणूस परतला. या नव्या कराचा गेटपास भंडाऱ्याच्या पितळबाजारातून निघण्याची माझ्या माहितीप्रमाणे ती पहिलीच वेळ. मी चार ओळींची बातमी केली. तिच्यात कापण्यासारखं काही ठेवलं नव्हतं. ती छापली गेली नाही.

गोविंदशेठ त्यानंतर वर्षभर दयारामशी बोलले नाहीत. दयारामने भरला म्हणूनच उद्या आपल्यालाही भरावा लागेल, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या दुकानावर तो कर आला का, हे मी दर अर्थसंकल्पानंतर त्यांना विचारायचो. ते म्हणायचे, "येऊन राहिला."

निरीक्षकांची पुढच्या वर्षी बदली झाली. जाण्याआधी मी त्यांना भेटलो आणि भरलेल्यापेक्षा जास्त वजावट कशी मिळते, हा जुना प्रश्न पुन्हा विचारला. ते म्हणाले, याबद्दलचं स्पष्टीकरण आलं आहे. मी मागितलं. त्यांनी ते शोधलं, त्यांना ते सापडलं नाही.

१९८८ च्या मार्चमध्ये, नवा अर्थसंकल्प झाल्यानंतर, मी प्रतिक्रियेसाठी दयारामकडे गेलो. भट्ट्या दोन झाल्या होत्या. माणसं सहा होती. नाव घालायची छिन्नी खिळ्याला टांगलेली होती. दारावर रंगाने लिहिलेली पाटी होती, 'जुनी भांडी घेणे बंद आहे.' पाटीखाली शेवंताबाई बसली होती. धाकट्या नातीचं लग्न होतं, म्हणून ती घरची परात घेऊन आली होती. दयारामने परातीवरचं नाव मोठ्याने वाचलं, तिला पाणी दिलं आणि परात तिच्या हातात परत ठेवली. ती परात घेऊन शहापूरच्या बसमध्ये बसली.